एमी ग्रँट: चर्चच्या दुकानांपासून बिलबोर्डच्या पहिल्या क्रमांकापर्यंत

तबकडी

'बेबी बेबी' बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. पण १९९१ साली ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं तेव्हा गाणारी एमी ग्रँट अजिबात नवखी नव्हती. जवळपास दहा वर्षं ती ख्रिस्ती पॉप संगीतातलं सगळ्यात मोठं नाव होती, आणि या दोन बाजारांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. एका बाजारातून दुसऱ्यात ती कशी गेली, त्यात आवाजाचा वाटा किती, गाण्यांचा किती आणि करारांचा किती, यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

आधी घटनाक्रम. जन्म २५ नोव्हेंबर १९६०, ऑगस्टा, जॉर्जिया. वाढली टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये. शाळेत असताना आईवडिलांना द्यायला म्हणून तिनं स्वतःच्या गाण्यांची एक टेप केली. ती करून दिली चर्चच्या युवक गटाचं काम पाहणाऱ्या ब्राउन बॅनिस्टरनं. तो टेपची प्रत काढत असताना स्टुडिओचे मालक क्रिस क्रिश्चन यांच्या कानावर ती गाणी पडली. त्यांनी वर्ड रेकॉर्ड्सला फोन लावला आणि टेप फोनवरूनच ऐकवली. सोळा पूर्ण व्हायच्या आतच करार हातात. पहिला अल्बम १९७७ साली ध्वनिमुद्रित झाला, निर्माता बॅनिस्टरच. पुढची कितीतरी वर्षं तोच तिचा निर्माता राहिला.

वर्ड ही १९५१ साली टेक्सासमधल्या वेको गावात सुरू झालेली कंपनी. १९७२ पासून 'मर' नावाची तिची वेगळी शाखा तरुणांसाठी गिटार-ड्रमवाली ख्रिस्ती गाणी काढत होती. एमीचे सुरुवातीचे सगळे अल्बम तिथलेच.

खरी झेप १९८२ च्या 'एज टू एज'ची. १९८३ साली त्याला सुवर्ण प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे अमेरिकेत पाच लाख प्रती. एकल गायकाच्या ख्रिस्ती अल्बमला हे पहिल्यांदाच मिळत होतं. १९८५ मध्ये दहा लाखांचं प्लॅटिनमही. पहिलं ग्रॅमी याच अल्बमचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो: तिच्या कारकिर्दीची किल्ली १९८५ च्या वितरण करारात आहे. आवाज, चेहरा, गाणी हे सगळं 'एज टू एज'च्या वेळीही होतंच की.

नवखा_श्रोता

छान धागा. पण वितरण करार म्हणजे नेमकं काय? वर्डच्या तबकड्या साध्या दुकानात मिळतच नव्हत्या का?

तबकडी

मिळत, पण नावापुरत्या. अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांचं स्वतंत्र जाळं होतं. बायबल, शब्बाथ शाळेची पुस्तकं, भेटकार्डं आणि एका भिंतीला तबकड्या-कॅसेटी. वर्डचे विक्रेते त्या दुकानांत जात. मोठ्या शहरातल्या रेकॉर्डच्या दुकानात खरेदी करणारा माणूस वेगळा, माल पुरवणारे वेगळे, आणि रेडिओवर गाणं वाजत नसेल तर तो माल ठेवायचाच नाही. ठेवलाच तर 'गॉस्पेल' असं लिहिलेल्या मागच्या रकान्यात.

१९८५ साली 'अनगार्डेड' या अल्बमपासून व्यवस्था बदलली. ख्रिस्ती दुकानांत माल वर्ड पोचवणार आणि बाकी सगळीकडे ए अँड एम रेकॉर्ड्स. तबकडी तीच, वाटा दोन. एकाच गाण्यासाठी वर्डची माणसं ख्रिस्ती रेडिओ केंद्रांना गाठत होती आणि ए अँड एमची माणसं पॉप केंद्रांना. त्यातलं 'फाइंड अ वे' बिलबोर्ड मासिकाच्या मुख्य यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत गेलं. ख्रिस्ती बाजारातून आलेलं गाणं पहिल्या चाळिसात येणं तेव्हा फार क्वचित घडायचं.

पुढच्याच वर्षी पॉप गायक पीटर सेटेराबरोबरचं 'द नेक्स्ट टाइम आय फॉल' पहिल्या क्रमांकावर. पॉप केंद्रांच्या कार्यक्रम-नियोजकांना तिचं नाव ओळखीचं झालं ते या गाण्यामुळे. १९९१ चा रस्ता इथेच मोकळा झाला.

हिशेबी

तबकडी यांच्याशी सहमत. त्यात एक भर घालतो, नाहीतर आकडे वाचताना फसगत होते.

बिलबोर्डची अल्बम-यादी मे १९९१ पर्यंत दुकानदारांना फोन करून, त्यांच्या अंदाजावर बनायची. मग साउंडस्कॅन आलं आणि काउंटरवरच्या बारकोडवरून विक्री मोजली जाऊ लागली. पण ख्रिस्ती दुकानं त्या मोजणीत आली १९९५ साली. म्हणून १९८२ चा 'एज टू एज' पॉप यादीत कुठे होता हे शोधत बसण्यात अर्थ नाही. तो जिथे खपत होता ती दुकानं त्या यादीच्या हिशेबात जवळपास नव्हतीच. सुवर्ण-प्लॅटिनम प्रमाणपत्रांचं तसं नाही. ती कंपनीच्या लेखापरीक्षित आकड्यांवर मिळतात, कुठल्या दुकानात विकलं याचा प्रश्न येत नाही. जुन्या ख्रिस्ती गायकांची तुलना करायची तर प्रमाणपत्रं बघावीत, यादीतला क्रमांक नाही.

शांतरस

करार, वितरण सगळं मान्य. पण १९८८ चा 'लीड मी ऑन' बाजूला ठेवून तिच्याबद्दल बोलणं मला पटत नाही. ख्रिस्ती संगीताला वाहिलेल्या सीसीएम मासिकानं शंभर सर्वोत्तम ख्रिस्ती अल्बमांची यादी केली तेव्हा पहिला क्रमांक याला दिला होता.

शीर्षकगीत नीट ऐका. गुलामगिरीतले लोक आणि नाझी छळछावण्यांकडे नेले जाणारे लोक, अशी दोन चित्रं त्यात शेजारी ठेवली आहेत. कुठेही उपदेश नाही, फक्त वाट दाखव अशी मागणी. 'अनगार्डेड'मध्ये सिंथेसायझरचा जो भडिमार होता तो इथे उतरला आहे. ध्वनिक गिटार पुढे आली, ड्रमचा आवाज मोकळ्या खोलीतला वाटतो, आवाजावरचा प्रतिध्वनी कमी केलाय. शब्द कळतात. पॉप यादीत या अल्बमचं मोठं गाणं झालं नाही, आणि पुढच्या 'हार्ट इन मोशन'च्या वेळी नवे निर्माते जोडले गेले त्याचं एक कारण मला यात दिसतं.

काळी_पाच

शांतरस, 'अनगार्डेड'बद्दल इतकं कडक नको. १९८५ साली पॉप रेडिओवर शिरायचं तर तोच आवाज लागत होता.

पण मला 'एज टू एज'वर थांबायचं आहे, कारण वाजवणाऱ्यांसाठी त्यात भरपूर आहे. 'सिंग युवर प्रेज टू द लॉर्ड' हे रिच मलिन्सचं गाणं. मलिन्स तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता, या गाण्यानं त्याला नॅशव्हिलचं दार उघडलं. गाण्याच्या सुरुवातीला पियानोवर जर्मन संगीतकार बाखच्या सी मायनरमधल्या फ्यूगचा (एकच विषय वेगवेगळे आवाज पाठोपाठ घेतात अशी रचना) धागा येतो, 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हिए'च्या पहिल्या भागातला दुसरा. की-बोर्डवर तो बसवताना बहुतेकांचं एकाच जागी चुकतं, म्हणून सविस्तर लिहितो.

पांढरी एक सा धरा. गंधार आणि धैवत कोमल, निषाद शुद्ध, म्हणजे आपल्या कीरवाणीचे स्वर. मूळ विषय असा:

सा नि सा प ध, सा नि सा रे प, सा नि सा रे म प ध, प म ग

यातला प्रत्येक 'नि' मंद्रातला, वरच्या सा-ला चिकटलेला. 'प' आणि पहिल्या गटातला 'ध' सुद्धा सा-च्या खालचेच. शेवटच्या गटात 'म प ध' येतात तेही खालच्याच सप्तकातले, तिथून 'प म ग' असं उतरायचं.

आता लय. चार मात्रांचं आवर्तन धरा. पहिल्या मात्रेचा पहिला अर्धा भाग रिकामा आहे. 'सा नि' हे दोन पाव-मात्रेचे स्वर उरलेल्या अर्ध्यात बसतात आणि मग 'सा' दुसऱ्या मात्रेवर पडतो. 'सा नि'ची जोडी जिथे जिथे येते तिथे ती मात्रेच्या दुसऱ्या अर्ध्यातच येते. वाजवणारा 'सा' समेवर धरून सुरुवात करतो आणि सगळा विषय अर्धी मात्रा आधी येतो. कानाला ते चुकीचं वाटतही नाही, कारण स्वर बरोबर असतात. ढोल-ताशा, सॉरी, ड्रम आणि बास आत आले की मग गाडी घसरते. उपाय एकच: मेट्रोनोम ६० वर ठेवून पहिल्या ठोक्यावर तोंडानं 'हं' म्हणायचं आणि त्यानंतर 'सा नि' वाजवायचं. हात बसला की वेग वाढवा.

नवखा_श्रोता

हे हार्मोनियमवर होईल का?

काळी_पाच

एकेरी विषय होईल. दुसरा आवाज वरून येऊन मिळतो तिथे दोन्ही हात लागतात, आणि भात्याला हात कुठून आणणार? दोघांनी दोन पेट्यांवर वाजवलं तर जमतं. दुसऱ्यानं तोच विषय पंचमापासून, पहिला 'ग'वर उतरल्यावर सुरू करायचा. मात्र दुसऱ्या वेळी चौथा स्वर एक पायरी खाली येतो: प म' प रे असं न होता प म' प सा. नुसतं पाचव्या स्वरावर उचलून ठेवलं तर इथे कानाला खटकतं. तीव्र मध्यम विसरू नका.

खर्जातली

काळी_पाच, उत्तम. गाण्याच्या बाजूनं थोडं.

एमीचा आवाज आल्टो, खालच्या पट्टीचा. गळ्यात थोडी हवा असते आणि ती उंच स्वर ताणून धरत बसत नाही. बोलण्याच्या स्वराजवळ राहून गाते. यामुळे तिची गाणी सामान्य गळ्याच्या माणसाला म्हणता येतात, आणि चर्चमध्ये पसरायला हेच कारणीभूत झालं. 'एल शडाय' मायकेल कार्ड आणि जॉन थॉम्पसन यांचं. कार्डनं ते स्वतः आधी गायलं होतं, पण घराघरात गेलं ते एमीच्या आवाजात. १९८३ च्या डव्ह पुरस्कारांमध्ये (ख्रिस्ती संगीताचे पुरस्कार) वर्षातलं सर्वोत्तम गीत तेच ठरलं. 'दाय वर्ड' तर आणखी सोपं: चाल मायकेल डब्ल्यू. स्मिथची, कडव्यांचे शब्द एमीचे, धृपद ११९ व्या स्तोत्रातल्या १०५ व्या वचनाचं.

ही गाणी पसरण्याचं आणखी एक साधन होतं, साथसंगतीच्या कॅसेटी. ख्रिस्ती दुकानांत लोकप्रिय गाण्यांची फक्त वाद्यांची कॅसेट वेगळी विकत मिळे, पुष्कळदा दोन-तीन पट्ट्यांत. गावातल्या चर्चमध्ये वादक नसले तरी रविवारी कुणीतरी ती लावून गाई. रेडिओशिवाय गाणं गावोगाव पोचवणारी ही यंत्रणा पॉप कंपन्यांकडे नव्हती.

ज्यांना तिची गाणी गायची आहेत त्यांच्यासाठी: मूळ पट्टीत उंच गळ्याच्या मुली कडव्यात दबतात, आवाज नुसता कुजबुजतो. दोन किंवा तीन स्वर वर घ्या. धृपद उंच जाईल या भीतीनं पट्टी खालीच ठेवली तर कडव्यातले शब्द हरवतात, आणि या गाण्यांत सगळं शब्दांवर आहे.

तबकडी

मायकेल डब्ल्यू. स्मिथचं नाव आलं म्हणून. तो एमीच्या वाद्यवृंदात की-बोर्ड वाजवत असे. तिचं व्यवस्थापन माइक ब्लँटन आणि डॅन हॅरेल बघत. हॅरेल हा तिचा मेव्हणा. या दोघांनी १९८२ साली रियुनियन रेकॉर्ड्स काढली आणि स्मिथला तिथे घेतलं. म्हणजे तिच्या कार्यक्रमांत लोकांनी आधी स्मिथला ऐकायचं आणि मग त्याचा अल्बम घ्यायचा. १९९१ मध्ये त्याचं 'प्लेस इन धिस वर्ल्ड' सहाव्या क्रमांकावर गेलं, त्याच्या लेखनात एमी आणि वेन कर्कपॅट्रिक होते.

हिशेबी

आता १९९१. 'हार्ट इन मोशन'मध्ये ११ गाणी. 'बेबी बेबी' पहिला क्रमांक, 'एव्हरी हार्टबीट' दुसरा, 'दॅट्स व्हॉट लव्ह इज फॉर' सातवा, 'गुड फॉर मी' आठवा, 'आय विल रिमेंबर यू' विसावा. अल्बमला पाच वेळा प्लॅटिनम.

यातलं गणित बघण्यासारखं आहे. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात गीतकार-संगीतकाराला आणि त्यांच्या प्रकाशकाला. गायकाला शून्य. म्हणजे 'एल शडाय' रेडिओवर कितीही वाजलं तरी त्याचे पैसे कार्ड आणि थॉम्पसन यांच्याकडे. 'बेबी बेबी' कीथ थॉमस आणि एमी या दोघांचं. सूर थॉमसचे, शब्द तिचे, तिच्या तान्ह्या मुलीकडे बघून सुचलेले. इथे रेडिओचा वाटा तिलाही.

दुसरा भाग विकलेल्या प्रतींचा. कायद्यानं ठरलेला दर १९९१ साली दर गाण्याला, दर प्रतीला ५.७ सेंट होता. ५० लाख प्रती धरल्या तर एका गाण्याचे २ लाख ८५ हजार डॉलर. पण गायक स्वतः लिहीत असेल तर कंपन्यांच्या करारात सहसा पाऊण दराची अट असते, म्हणजे २ लाख १३ हजार ७५०. त्यातला निम्मा प्रकाशकाचा. उरलेला दोन लेखकांत वाटला की प्रत्येकी साधारण ५३ हजार. शिवाय अल्बममध्ये कितीही गाणी असोत, दहाचेच पैसे देऊ अशी मर्यादाही बहुतेक करारांत घातलेली असते. अकरावं गाणं मग बाकीच्यांच्या वाट्यातून जातं. हा नेहमीच्या चालीचा हिशेब आहे, तिच्या करारात नेमकं काय होतं ते कागद बाहेर आलेले नाहीत.

नवीन गायक-गायिकांनी यातून एवढं घ्यावं: गाणं तयार होतानाच कुणाचा किती टक्के वाटा हे लिहून ठेवा. गाणं चालल्यावर ठरवायला बसलं की भांडण ठरलेलंच.

शांतरस

आणि याच अल्बमवर ख्रिस्ती बाजारात सगळ्यात जास्त टीका झाली. 'बेबी बेबी'च्या व्हिडिओत ती एका देखण्या तरुणाबरोबर दिसते, आणि तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. गाणं बाळासाठी लिहिलेलं, चित्रण प्रियकराचं. श्रोत्यांना ते खटकलं. गाण्यांमध्ये देवाचं नाव कमी झालं ही दुसरी तक्रार. मला ती अन्यायाची वाटते. 'आस्क मी' हे गाणं लहानपणी झालेल्या अत्याचारातून उठणाऱ्या बाईबद्दल आहे आणि देव कुठे होता हा प्रश्न सरळ विचारतं. शेवटचं 'होप सेट हाय' उघडउघड श्रद्धेचं आहे. रेडिओवर वाजलेल्या पाच गाण्यांवरून अल्बमचा निवाडा केला गेला.

१९९९ साली गॅरी चॅपमनशी घटस्फोट झाला आणि २००० च्या मार्चमध्ये तिनं कंट्री गायक व्हिन्स गिलशी लग्न केलं. तेव्हा मात्र काही ख्रिस्ती केंद्रांनी तिची गाणी वाजवणं थांबवलं. त्याआधीचा १९९७ चा 'बिहाइंड द आइज' ऐकताना हा ताण जाणवतो. त्या अल्बमला जितकं प्रेम मिळायला हवं होतं तितकं मिळालं नाही.

खर्जातली

शांतरस, 'बिहाइंड द आइज'बद्दल शंभर टक्के. आवाजाच्या दृष्टीनं तिचं सगळ्यात मोकळं गाणं तिथे आहे.

पुढे २००२ मध्ये तिनं जुन्या स्तोत्रांचा 'लेगसी' काढला, निर्मितीत व्हिन्स गिलही होता. २००५ च्या 'रॉक ऑफ एजेस'ला ग्रॅमी मिळालं. लोकांना वाटतं की ही माघार होती. पण स्तोत्रं गाणं तिच्या गळ्याला शोभतं: पल्ला मर्यादित, ओळी लांब, शब्द ओळखीचे. मेंडोलिन, ध्वनिक गिटार, हलका बास एवढीच साथ. इथे खालच्या स्वरात आवाज किती स्थिर ठेवते ते ऐका. श्वास ओळीच्या मध्ये कुठेही तुटत नाही.

तबकडी

आणि नाताळ. १९८३, १९९२, १९९९, २०१६ असे नाताळाचे अल्बम अधूनमधून येत राहिले. नाताळाचा अल्बम दरवर्षी डिसेंबरात पुन्हा विकला जातो, रेडिओ पुन्हा वाजवतो. 'टेनेसी ख्रिसमस' तिचं स्वतःचं आणि चॅपमनचं गाणं, ते अजून चालतंय. त्याला जोडून नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात गिलबरोबरचे डिसेंबरचे प्रयोग. नवीन गाणी यादीत येत नसताना कारकीर्द टिकते ती अशा कामावर.

२०२० च्या जूनमध्ये जन्मजात दोषासाठी तिच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. फुप्फुसाकडून येणाऱ्या काही शिरा हृदयाच्या चुकीच्या बाजूला जोडलेल्या असतात असा तो दोष. २०२२ च्या जुलैमध्ये सायकलवरून पडली, कार्यक्रम पुढे ढकलावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरात केनेडी सेंटरचा सन्मान. ख्रिस्ती पॉपमधून हा सन्मान मिळालेली ती पहिलीच.

नवखा_श्रोता

सगळ्यांचे आभार. ऐकायला सुरुवात कुठून करू? आणि जुन्या तबकड्या घ्याव्यात की नव्यानं काढलेल्या आवृत्त्या?

शांतरस

'लीड मी ऑन'. मग मागे 'एज टू एज', मग 'हार्ट इन मोशन' पूर्ण, ओळीनं. त्यानंतर 'बिहाइंड द आइज'. 'लीड मी ऑन'ची २००८ मधली विसाव्या वर्षाची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या.

काळी_पाच

'अनगार्डेड'ची जुनी तबकडी घेत असाल तर एक लक्षात ठेवा. ती चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांत निघाली होती. आत गाणी तीच. विकणारा 'दुर्मीळ आवृत्ती' म्हणून जास्त पैसे मागतो, देऊ नका. आणि ऐंशीच्या दशकातली कॅसेट घेतली तर वाजवण्याआधी आतली फेल्टची गादी जागेवर आहे ना ते बघा. डिंक सुकून ती निखळते, मग टेप हेडला नीट टेकत नाही आणि वरचे स्वर दबलेले येतात. लोक टेप खराब म्हणून टाकून देतात. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या रिकाम्या कॅसेटची गादी बसवता येते. चिकटवलेली असेल तर टेपची दोन्ही रिळं काढून नव्या स्क्रूवाल्या कवचात घालायची. रिळाची वरची बाजू कुठली ते आधी पेननं खूण करून ठेवा.